वन-बॉक्स व्हॅन म्हणजे काय? ओमनी इतकी सोयीची का होती, आणि बंद का झाली?

रेवदंडा, थळ किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर होड्या लागायच्या वेळेला कधी गेलात, तर लिलावाच्या गर्दीपासून थोडी लांब उभी असलेली वाहनं बघा. टेम्पो असतात, तीनचाकी असतात, छोटे हत्ती असतात. आणि त्यांच्यात एखादी जुनी, खालून गंजलेली, एमएच-०६ पासिंगची ओमनी असते. मागच्या सीट काढलेल्या, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, वर बर्फ आणि मासळीचे क्रेट. संध्याकाळी तीच गाडी धुऊन, सीट परत बसवून, घरातली सात-आठ माणसं घेऊन हळदीला निघते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ओमनी माहीत आहे ती मीम्समुळे. हिंदी सिनेमात कुणाला पळवायचं असलं की पांढरी ओमनी येते, दरवाजा सर्रकन सरकतो, माणूस आत. विनोद बाजूला ठेवला तर त्या सीनमध्ये गाडीची सगळी वैशिष्ट्यं आली आहेत: सरकता दरवाजा, आत भरपूर जागा आणि अरुंद गल्लीतून निघून जाण्याची क्षमता. ३५ वर्षं विकली गेलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली. लोकांना ती नकोशी झाली म्हणून नव्हे. ज्या रचनेमुळे ती इतकी कामाची होती, त्याच रचनेमुळे तिला नव्या नियमांत बसणं अशक्य झालं. ते कसं, हे आज समजून घेऊ.

एक डबा, दोन डबे, तीन डबे

गाडीच्या बॉडीचे प्रकार ओळखायची सोपी पद्धत म्हणजे डबे मोजणं. सेडानमध्ये तीन असतात: पुढे इंजिनचा, मध्ये माणसांचा, मागे सामानाचा. हॅचबॅकमध्ये दोन, कारण माणसं आणि सामान एकाच डब्यात. वन-बॉक्समध्ये सगळं एकाच डब्यात. पुढे बॉनेटच नाही. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन त्याच्या सीटखाली असतं.

याने नेमकं काय साधतं ते आकड्यांत बघू. मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिलीमीटर, ओमनीची ३३७०. म्हणजे फरक फक्त ३५ मिलीमीटरचा, बोटाच्या दीड पेराएवढा. रुंदीला तर ओमनी ८०० पेक्षा कमीच, १४१० मिलीमीटर. इंजिन दोन्हींत ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण ८०० मध्ये चार माणसं नीट बसायची, पाचवं दाटीवाटीने. ओमनी आठ सीटरमध्येही मिळायची. ही जादाची जागा आली कुठून? बॉनेट जिथे जागा खायचं, तिथे माणसं बसवली. शिवाय ओमनी उंचीला ८०० पेक्षा वीतभर जास्त. बस्स, एवढंच गणित.

ही कल्पना मारुतीची नव्हे आणि मुळात सुझुकीचीही नव्हे. फोक्सवॅगनने १९५० पासून अशी व्हॅन विकली, फक्त तिचं इंजिन मागे होतं. जपानमध्ये 'केई' वर्गातल्या गाड्यांना लांबी-रुंदीची कायद्याने मर्यादा आहे. ठरलेल्या मापात जास्तीत जास्त माल मावायला हवा म्हटल्यावर तिथल्या कंपन्या याच उत्तरावर पोचल्या. सुझुकी कॅरी ही त्यातली एक. तिचंच ८०० सीसीचं निर्यातीचं मॉडेल १९८४ मध्ये भारतात 'मारुती व्हॅन' म्हणून आलं, मारुती ८०० नंतर अवघ्या वर्षभरात. 'ओमनी' हे नाव १९८८ मध्ये मिळालं. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही तिला 'मारुती व्हॅन'च म्हणतात.

किनाऱ्याला ती का मानवली

अलिबाग ते रेवदंडा हा पट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. नागाव, आक्षी, चौल. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यांचे चिऱ्याचे गडगे अगदी रस्त्याला लागून. मुख्य रस्ता सोडून आळीत शिरलात की समोरून सायकल आली तरी विचार करावा लागतो. अशा ठिकाणी बाहेर उघडणारा दरवाजा ही कटकट असते. गडग्याला लावून गाडी उभी केली की एका बाजूने उतरताच येत नाही. ओमनीचा मागचा दरवाजा गाडीला समांतर सरकतो. वीतभर जागा असली तरी पूर्ण उघडतो, आणि कुणा मोटरसायकलवाल्याच्या पुढ्यात अचानक येत नाही.

मागचा दरवाजा वर उचलला जातो आणि आतली जमीन बऱ्यापैकी सपाट आहे. त्यामुळे जड वस्तू उचलून टाकण्यापेक्षा सरकवून आत घेता येते. मासळीचे क्रेट, नारळाची पोती, पांढऱ्या कांद्याच्या माळा, मंडपाचं सामान, गॅसची सिलिंडरं, केटरिंगची पातेली. गणपतीच्या आधी पेण आणि हमरापूरहून मूर्ती आणायची असली की ओमनीवाल्याला आधीच सांगून ठेवावं लागायचं. सीट काढल्यावर घरगुती मूर्ती उभीच्या उभी मावते. सेडानमध्ये बाप्पाला मांडीवर घेऊन बसावं लागतं आणि खड्डा आला की सगळ्यांचे श्वास थांबतात.

रुग्णवाहिका म्हणूनही तिचा मोठा वापर झाला. स्ट्रेचर मागून सरळ आत जातो आणि बाजूला नातेवाइकाला बसायला जागा उरते. मोठी गाडी जिथे वळणार नाही त्या वाडीच्या तोंडापर्यंत ही पोचते.

आता एक कमी बोलला जाणारा मुद्दा. ओमनीत ताकद मागच्या चाकांना जाते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढच्या चाकांना जाते. माल मागे भरला की वजन मागच्या चाकांवर येतं आणि तीच चाकं गाडी ढकलत असल्यामुळे पकड वाढते. मागे पाट्यांची स्प्रिंग, म्हणजे ट्रकवाल्यांची जुनी ओळखीची वस्तू, वजनाखाली सहज मान टाकत नाही. म्हणून ३५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन असूनही भरलेली ओमनी कार्ले खिंडीचा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कुरकुरत का होईना, चढायची.

याची उलटी बाजू पावसात दिसते. रिकामी ओमनी मागून एकदम हलकी. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं लॉक होऊन शेपूट फिरायचं. एबीएस नव्हतं. उंच आणि सपाट बाजूंमुळे वारा पण लागायचा. रेवदंड्याहून साळावला जाताना कुंडलिकेच्या पुलावर पावसाळ्यात तो स्टिअरिंगमध्ये जाणवायचा.

आराम वगैरे विसरा. इंजिन सीटखाली असल्यामुळे मे महिन्यात ड्रायव्हरची बैठक खालून तापायची. मेकॅनिकला काम करायचं तर पुढची सीट उचलायची, की इंजिन समोर. आठ सीटरमध्ये मधली सीट उलटी, मागच्या प्रवाशांकडे तोंड करून. गप्पांना छान, पण वळणावळणाच्या रस्त्यावर उलट्या प्रवासाने ज्यांना मळमळतं त्यांचे हाल. लहानपणी मुरूडच्या एका लग्नाला मी त्या मधल्या सीटवर बसून गेलो होतो. लग्न अजिबात आठवत नाही, वाटेतले तीन थांबे आठवतात.

बॉनेट हे फक्त इंजिनचं झाकण नाही

आता मुख्य गोष्ट. टक्कर होते तेव्हा गाडीला आपला वेग शून्यावर आणायचा असतो. तो किती अंतरात येतो यावर आतल्या माणसाचं नशीब ठरतं. आधुनिक गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा बनवतात. त्याला क्रंपल झोन म्हणतात. लोखंड चुरगळतं, त्यात टक्करीची ऊर्जा खर्च होते आणि माणसांचा डबा शाबूत राहतो. 'पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा कसला दणकट होता, आताच्या लगेच चेपतात' असं काका लोक म्हणतात ना, ते इथे चुकतात. चेपणं हे पुढच्या भागाचं कामच आहे.

साधा हिशोब करू. गाडी ताशी ५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साधारण १३.९ मीटर वेगाने भिंतीवर आदळली. पुढे ६० सेंटिमीटर चेपायला जागा असेल तर वेग कमी होण्याचा सरासरी दर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ पट येतो. ६० किलोच्या, सीटबेल्ट लावलेल्या माणसावर सुमारे एक टन वजनाएवढा जोर. हीच जागा १५ सेंटिमीटर असेल तर आकडा ६५ पटीच्या घरात जातो. जोर जवळपास चार टन. अंतर चारपट कमी, मार चारपट जास्त. प्रत्यक्षातली टक्कर इतकी सरळ नसते, पण मूळ कारण हेच.

ओमनीत पुढे काय आहे? बंपर, पत्रा, हेडलाइट, आणि लगेच ड्रायव्हरचे गुडघे. चेपायला जागा नाही म्हटल्यावर जे चेपतं ते माणूस बसलेला डबाच. स्टिअरिंग मागे येतं, पेडल वर येतात, पाय अडकतात. जास्त जाड पत्रा लावून हे सुटत नाही. न चेपणारा पत्रा म्हणजे अंतर आणखी कमी. यावर उपाय एकच, पुढे नाक वाढवायचं. पण नाक वाढवलं की लांबी वाढते, किंवा आतली एक रांग जाते. म्हणजे ती ओमनी राहतच नाही.

एक-दोन वर्षांत आलेले सगळे नियम

भारतात हे नियम जवळजवळ एकापाठोपाठ एक आले. १ एप्रिल २०१९ पासून आधीच विक्रीत असलेल्या कारनाही एबीएस सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारी घंटी, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर. १ ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेललाही टक्कर चाचणी पास होणं बंधनकारक. या चाचणीत गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, आणि तीही पूर्ण तोंडाने नव्हे तर ड्रायव्हरच्या बाजूचा सुमारे ४० टक्के भागच आदळतो. शेवटी १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिन.

यातल्या घंट्या आणि सेन्सर बसवणं अवघड नव्हतं. एबीएसही पैसे खर्चून बसलं असतं. टक्कर चाचणी मात्र रचनेवरच बोट ठेवणारी होती. कंपनीने २०१९ च्या सुरुवातीलाच उत्पादन गुंडाळलं.

हे फक्त आपल्याकडे झालं असं समजू नका. फोक्सवॅगनची जुनी व्हॅन ब्राझीलमध्ये 'कोम्बी' नावाने डिसेंबर २०१३ पर्यंत बनत होती. २०१४ पासून तिथे नव्या गाड्यांना एअरबॅग आणि एबीएस सक्तीचं झालं आणि तिचा कारभार आटोपला. पाकिस्तानात ओमनीची सख्खी बहीण 'सुझुकी बोलान' २०२४ पर्यंत चालू होती. तिथे तिला लोक 'कॅरी डब्बा' म्हणतात, म्हणजे डब्याची उपमा फक्त आपल्यालाच सुचली नव्हती. खुद्द जपानने १९९८ मध्ये केई गाड्यांची मापं थोडी वाढवली, त्यामागे टक्कर-सुरक्षा हे मोठं कारण होतं. त्यानंतर तिथल्या बऱ्याच छोट्या व्हॅनना आखूड नाक फुटलं आणि पुढची चाकं ड्रायव्हरच्या पुढे सरकली.

त्याच नाकवाल्या पिढीतली गाडी आपल्याकडे २००१ मध्ये 'व्हर्सा' म्हणून आली. महाग वाटली, चालली नाही. तीच साधी करून, जवळपास सगळी सजावट काढून २०१० मध्ये 'इको' नावाने आणली आणि ती धो धो चालली. २०२३ पर्यंत १० लाखांवर इको विकल्या गेल्या. आज अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे ओमनीची बहुतेक कामं इकोच करते. लांबी ३६७५ मिलीमीटर, इंजिन १.२ लिटरचं, पण अजूनही सीटखालीच, आणि चाल मागच्याच चाकांवर. नाक आलं म्हणजे ती सुरक्षित झाली असं मात्र नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या इकोची टक्कर चाचणी केली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. त्यानंतर एअरबॅग आल्या, रचनेत सुधारणा झाल्या. तरी घरच्या वापरासाठी घेताना तारे न बघता फक्त सीट मोजू नका.

माल वाहण्याचा धंदा तर ओमनीच्या हातून आधीच निसटत होता. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती आला. ज्याला फक्त क्रेट वाहायचे आहेत त्याला मग ओमनीची गरज उरली नाही. ओमनी उरली ती ज्याला सकाळी माल आणि संध्याकाळी माणसं न्यायची आहेत, आणि दोन गाड्या परवडत नाहीत, त्याच्यासाठी.

रस्ता तेवढाच, गाड्या रुंद

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि मुंबईहून थेट गाडी घेऊन अलिबागला येणं सोपं झालं. त्याआधी लाँचने मांडव्याला उतरलेला पर्यटक पुढे बस, रिक्षा किंवा शेअरची गाडी पकडायचा. आता तो बऱ्याचदा स्वतःच्या एसयूव्हीतून उतरतो.

एसयूव्ही वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, टक्करीत मी स्वतः त्यांच्यातच बसणं पसंत करेन. पण माप बघा. ब्रेझा किंवा क्रेटाची रुंदी १७९० मिलीमीटर, आरसे धरून नव्हे. गावाकडच्या एकेरी डांबरी रस्त्याची ठरलेली रुंदी ३.७५ मीटर. दोन ओमनी समोरासमोर आल्या तर त्यातले २.८२ मीटर जातात, जवळपास मीटरभर जागा उरते. दोन क्रेटा आल्या तर उरतात १७ सेंटिमीटर, तेही आरसे मिटून. शनिवारी दुपारी नागावच्या आळीत जे काही होतं त्याचं अर्धं उत्तर या वजाबाकीत आहे. आणि एवढ्या रुंद गाडीत माणसं बसतात पाच.

मग छोटा, रुंदीला आवरता, सुरक्षित डबा परत येऊच शकत नाही का? तांत्रिकदृष्ट्या येऊ शकतो. विजेच्या गाडीत बॅटरी जमिनीखाली जाते आणि मोटर लहान असते, त्यामुळे नाक आखूड ठेवूनही त्यातली जवळपास सगळी जागा चेपायला मोकळी मिळते. फोक्सवॅगनच्या आयडी बझ या इलेक्ट्रिक व्हॅनला २०२२ मध्ये युरो एनकॅपचे पाच तारे मिळाले. पण ती ४.७ मीटर लांबीची, महागडी गाडी आहे. ३.४ मीटरमध्ये, मासळीवाल्याला परवडेल अशा किमतीत हे कोण करेल, हा खरा प्रश्न.

जुनी ओमनी घ्यायचा विचार असेल तर

अजूनही सेकंडहँड मिळतात, आणि चार-पाच मित्र मिळून कॅम्पिंगसाठी घ्यायची टूम सध्या आहे. घ्या, पण किनाऱ्यावरची असेल तर आधी खाली वाकून बघा. खारी हवा लोखंडाला झपाट्याने खाते. वर मासळीच्या क्रेटमधून गळलेलं बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं जमिनीवर सांडलेलं असतं. मॅट उचलून पायाने दाबा. पत्रा कुरकुरला तर रंग कितीही चकचकीत असला तरी व्यवहार सोडा. सरकत्या दरवाजाचा रूळ आणि रोलरही बघा. वाळू आणि गंज बसला की तो सर्रकन नाही, खांदा लावून उघडावा लागतो. सगळ्या सीटना सीटबेल्ट आहेत का आणि ते लॉक होतात का तेही तपासा.

गॅस किट असेल तर ते आरसी बुकवर चढवलेलं हवं आणि टाकीची चाचणी मुदतीत हवी. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत सीट भरून पैसे घेणं परवान्याच्या नियमांविरुद्ध आहे, आणि अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. हे घेणाऱ्याने जितकं लक्षात ठेवायचं तितकंच त्यात बसणाऱ्यानेही.

आणि आरसीवरची तारीख. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवतात. एप्रिल २०२२ मध्ये कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी १०,००० रुपये. महाराष्ट्रात हरित कर वेगळा. रायगडात पेणच्या आरटीओत हे काम होतं, पनवेलकडच्या एमएच-४६ गाड्यांचं पनवेलला. २०१९ मध्ये शोरूममधून निघालेल्या शेवटच्या ओमनींची पहिली १५ वर्षं २०३४ मध्ये भरतील.